गोठ्यात मी दोघांनाच विचारलं

गेल्या हिवाळ्यात मी महिन्याभरात दोनदा पुण्याला गेलो. पहिल्यांदा मुलीकडे, आठ दिवस मजेत राहायला. दुसऱ्यांदा बहिणीसाठी. पुण्याहून आलेल्या माणसाला आमच्या वाशीमकडचे लोक हटकून विचारतात, काय काय पाहिलं, काय खाल्लं, तिकडची माणसं खरंच तशी बोलतात का. दोन महिने मी टाळाटाळ केली. आता सगळं एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणाला सांगायला नको.

आधी मी कोण ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. मी पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. बर्फाच्या डब्यात लस घ्यायची आणि मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचं. लाळ्या-खुरकुताची लस टोचली, लंपीच्या साथीत रात्रंदिवस गाई टोचल्या. लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी दुरुस्त केलं नाही. निवृत्त झालो तरी जनावर दिसलं की माझी जीभ सुटते. घरचे त्याला कंटाळलेले आहेत.

पहिला दिवस, शनिवार पेठ

मधुरा, माझी मुलगी, संगणकाच्या कंपनीत आहे आणि शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. इमारतीच्या फाटकावर पाटी होती : ‘कुत्र्यांना येथे खाऊ घालू नये. फारच माया असल्यास आपल्या घरी न्यावे.’ मी ती दोनदा वाचली. आमच्याकडे असं सांगायला चार माणसं जमवावी लागतात, बोंबाबोंब होते, आणि शेवटी कुत्रं तिथंच राहतं. पुण्यात दोन ओळींत काम भागतं. कुत्रं मात्र इथंही तिथंच होतं, पाटीखाली झोपलेलं.

जेवायला आम्ही जवळच्या खानावळीत गेलो. आमटीत गूळ होता. वाढप्याला मी विचारलं की तिखट काही मिळेल का. तो म्हणाला, मिळेल, पण ते आमटीत नसतं. मधुरा हसली आणि मला म्हणाली, “बाबा, वेलकम टू पुणे.” मी गोड आमटी मुकाट्यानं ओरपली.

दुसरा दिवस, कात्रज

मधुरानं सुट्टी काढून मला कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवलं. लोक वाघ पाहत होते. मी पाहत होतो की पिंजऱ्यात जाणारा माणूस आधी औषधाच्या पाण्यात बूट बुडवतो का. तो बुडवत होता. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याशी गप्पाच मारत बसलो. एका पिंजऱ्याची बादली दुसरीकडे न्यायची नाही, आजारी जनावराचं काम सगळ्यात शेवटी करायचं, हे तो मला सांगत होता आणि मी मान डोलवत होतो.

परतताना मी मधुराला सगळं समजावलं. विषाणूला स्वतःचे पाय नसतात, तो आपले वापरतो. लाळ्या-खुरकूत बुटांवरून आणि गव्हाणीवरून जातं. लंपी गोमाशी-डासांच्या तोंडातून जातो. सर्दी-खोकल्याचे हवेतून येतात, आणि करोनात ते सगळ्या जगानं पाहिलं. पिसाळण्याचा रोग मात्र लाळेतून जातो, चावा हवा नाहीतर उघडी जखम हवी. त्यात एक दया आहे. बाकीच्या लशी रोग येण्याआधी घ्याव्या लागतात, ही चावल्यावर घेतली तरी पोचते, कारण तो विषाणू नसेतून मेंदूकडे फार सावकाश चालतो. वेळेत सुई घेतली तर माणूस शंभर टक्के वाचतो म्हटलं तरी चालेल. लक्षणं दिसली की मग ब्रह्मदेवही काही करू शकत नाही.

“बाबा, तुम्ही फिरायला आलात की इन्स्पेक्शनला?” मधुरा म्हणाली. मला तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

तिसरा दिवस, वाघोली

सुमन माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून तिला मीच सायकलवर शाळेत सोडायचो. तिचा नवरा वासुदेव आठ वर्षांपूर्वी गाव सोडून वाघोलीला आला. एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. मोठमोठ्या सोसायट्यांच्या मागं पत्र्याचं घर आणि गोठा भाड्यानं घेऊन सुमननं चार म्हशी पाळल्या. सकाळ-संध्याकाळ त्या सोसायट्यांत ती दूध घालते. घालायची.

मी शहर बसनं गेलो, दोन थांबे पुढं उतरलो आणि उन्हात मागं चालत आलो. सुमननं पातोडीची भाजी केली होती, ज्वारीची भाकर आणि ठेचा. दोन दिवसांच्या गुळाच्या आमटीनंतर माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यानंच, असं मी म्हटलं. ती हसली. दोन्ही हातांच्या बोटांवर तिच्या विळ्यानं कापल्याच्या बारीक रेघा होत्या, तशा त्या लहानपणापासूनच असतात. वाढताना त्या माझ्या ताटावरून फिरत होत्या.

जेवण झाल्यावर सवयीनं गोठ्यात गेलो. म्हशी तीनच होत्या. चौथी कुठं, असं मी विचारलं. वासुदेव म्हणाला की ती बारा दिवसांपूर्वी मेली.

काय झालं होतं, तर चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा. आवाज बसलेला, तरी सारखी हंबरायची. मागचे पाय लटपटायचे. चौथ्या दिवशी पडली आणि गेली. त्याच्या आधी दोनेक महिन्यांपूर्वी एका भटक्या कुत्र्यानं तिला पायाला धरलं होतं, पण म्हशीला कुत्रं चावलं तर काय होतं, म्हणून जखमेवर हळद दाबून विषय संपवला होता.

मी खाली बसलो. असं जनावर मी नोकरीत सात-आठ वेळा पाहिलं आहे. पिसाळलेलं कुत्रं सगळ्यांना ओळखू येतं, पिसाळलेली म्हैस कुणालाच येत नाही. तिला गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की घशात काहीतरी अडकलंय. मग आपली माणसं जे करतात तेच करतात. बाही सरकवतात आणि घशात हात घालतात.

“तोंडात हात कुणी घातला होता?” मी विचारलं.

वासुदेव म्हणाला, “मीनं घातला. काई अडकलं असन म्हून, पार कोपरालोक.” त्याच्या मनगटावर बांधकामाच्या तारेचा ओरखडा होता, खपली धरलेला.

शेजारच्या पेंडीच्या दुकानाचे मालक रशीदभाई तेव्हा मदतीला आले होते. तीन पिढ्यांचे पुणेकर, बोलणं मोजूनमापून. मी त्यांनाही गोठ्यात बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “मी फक्त कासरा धरून उभा होतो, अहो. पण लाळ अंगभर उडाली, आणि माझ्या बोटाला पट्टी होती. म्हणजे मीही त्यातच आलो, असंच ना?” मी म्हटलं, असंच.

एवढ्यात सुमन चहा घेऊन बाहेर आली. आम्ही तिघं चहा प्यायलो आणि तसेच रिक्षात बसलो. सुमनही आली, कारण वासुदेव सुईला घाबरतो.

सरकारी रुग्णालयात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कामाच्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकलं. उशीर झाला आहे, पण अजून हातात आहे, असं त्या म्हणाल्या. दोघांच्या दंडावर लस आणि जखमेच्या जागी तयार प्रतिपिंडांचं औषध द्यायचं ठरलं. आज पहिली, मग तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, आणि शेवटची अठ्ठाविसाव्या दिवशी. कागद भरताना त्यांनी विचारलं की घरातल्या आणखी कुणाचा लाळेशी संबंध आला का. मी म्हणालो, “मी खात्यातलाच माणूस आहे. चौकशी केली आहे. दोघंच आहेत.”

सुमन माझ्या मागं वासुदेवची पिशवी धरून उभी होती.

चौथ्यापासून सातव्या दिवसापर्यंत

पुढचे चार दिवस माझे वाघोलीतच गेले. शनिवारवाडा राहिला, पर्वती राहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट कामाला आल्यासारखं वाटत होतं. पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर आले, त्यांनी उरलेल्या तिन्ही म्हशींना लस दिली. मेलेल्या म्हशीची पारडी वेगळी बांधली आणि तिलाही लस दिली. गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचणारी माणसं जाळी घेऊन आली. कुत्री मारून हा रोग जात नाही, टोचून जातो, हे मी जमलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

सोसायट्यांत मात्र हलकल्लोळ झाला. महिनाभर सगळे त्या म्हशीचं दूध प्यायले होते. मी सुमनबरोबर दारोदार गेलो. उकळलेल्या दुधातून हा रोग जात नाही, कुणी कच्चं प्यायलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, असं समजावून आलो. एका निवृत्त गृहस्थांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बरोबर आहे आपलं. भीती दुधाला नाही, आम्हाला आहे.” आणि सहकुटुंब सुया घ्यायला गेले. त्यांच्यामागं निम्मी इमारत गेली. रात्री मधुराला हे सांगताना मी पोट धरून हसलो होतो. ज्यांना गरज नव्हती ते चाळीसजण रांगेत उभे राहिले, हे आता आठवलं की मी उठून खोलीत फेऱ्या मारतो.

दुसऱ्या सुईच्या दिवशीही सुमन बरोबर होती. वासुदेवच्या दंडाकडे बघून तीच तोंड फिरवत होती. मी तिला चिडवलं, सुई त्याला आणि दुखतंय तुला. आठव्या दिवशी मी वाशीमला निघालो तेव्हा तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि म्हणाली की भाऊ, तू आला म्हणून हे वाचले. मी नाही म्हटलं नाही.

पुन्हा वाघोली

वीस दिवसांनी मधुराचा फोन आला. आत्याच्या उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणे, खांद्यापर्यंत. दोन दिवस ताप आहे. पाण्याचा पेला समोर धरला की घसा आवळतो, तिला पाणी जात नाही. डॉक्टर विचारतायत की हिला कधी काही चावलं होतं का.

त्या प्रवासाचं वर्णन माझ्याकडे नाही. मी खिडकीपाशी बसलो होतो एवढं आठवतं. फोन ठेवला तेव्हाच मला कळलं होतं की मी कशासाठी चाललो आहे. तीस वर्षं शिकलेलं सगळं एका वाक्यात अंगावर आलं. तरी मनातल्या मनात मी दुसरे रोग शोधत होतो, मानेची नस असेल, पित्त असेल, काहीही असेल. नगर गेल्यावर शोधायचं थांबवलं.

तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं. पंखा बंद, कारण वाऱ्यानंही घशाला झटके यायचे. मला हातमोजे आणि मुखपट्टी दिली. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

या रोगात माणूस शेवटपर्यंत वेडापिसा असतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. मधे मधे अगदी स्वच्छ शुद्ध असते, आणि ते जास्त वाईट. सुमन मला ओळखून हसली. तिच्या ओठांना कोरड पडली होती आणि मी ओला कापूससुद्धा जवळ नेऊ शकत नव्हतो. मग मी विचारलं की तूही हात घातला होतास का.

ती म्हणाली, रोज. म्हैस गव्हाणीतलं खाईना, सुमनच्याच हातून खायची तिला सवय होती. म्हणून पिठाचे, गुळाचे आणि ओव्याचे लाडू करून ती म्हशीच्या जिभेच्या मागं नेऊन ठेवायची. तीन दिवस, दिवसातून चार-पाच वेळा. वासुदेवनं हात एकदाच घातला होता.

“मी विचारलं तेव्हा तू घरात होतीस?”

“हाव. चाय मांडला होता. आयकू आलं होतं मले.”

“मग बोलली का नाहीस, सुमे?”

तिला धाप लागली होती. ती थांबून थांबून बोलली, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. “तू ह्या दोघायले इचारत होता. मंग डॉक्टरीनबाईनं इचारलं, तवा तूच सांगतलं, दोघंच हायत. मले वाटलं, भावाले समजते. मले काई होत नसन.”

मी तिचा हात धरून बसलो. मोज्यामुळं तिला माझ्या हाताचा स्पर्श लागत होता की नाही, कोण जाणे. लहानपणी मी सांगितलं की चिंचेवर भूत नाही, तर ती खरोखर निर्धास्त झाडाखालून जायची. त्याच विश्वासानं ती माझ्या मागं पिशवी धरून उभी राहिली होती. हाताच्या अंतरावर लस होती.

मी उठलो तेव्हा तिनं एकच गोष्ट सांगितली. परवा वासुदेवची शेवटची सुई आहे, तो एकटा जाणार नाही, तू घेऊन जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. आमच्यात सवाष्ण बाई गेली की बायका तिला न्हाऊ घालतात, हळद-कुंकू लावतात, ओटी भरतात. इथं ते करू दिलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांच्या जागी मी असतो तर मीही करू दिलं नसतं. रुग्णालयाच्या दोन बायकांनी मोजे घालून तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बाजूला झाल्या. त्या कोण होत्या, त्यांची नावं काय, मी विचारलं नाही. विचारायला हवी होती. रशीदभाई सकाळपासून बाहेर उभे होते, त्यांनी शववाहिकेचं आणि लाकडांचं सगळं पाहिलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, तेव्हा मी आपली नोकरी आठवत बसलो. लशीच्या नोंदवहीत एक रकाना असतो, पशुपालकाचं नाव. तीस वर्षांत मी हजारो नावं लिहिली असतील, आणि सगळी पुरुषांची. शेण बाईनं काढायचं, धार तिनं काढायची, आजारी जनावराच्या तोंडात घास तिनं घालायचा. मी मात्र दारात मोटारसायकल लावून विचारायचो, घरात कुणी आहे का. बाई आतून म्हणायची, कुणी नाही. आणि मी पुढच्या घरी जायचो.

शेवटचा दिवस

अठ्ठाविसावा दिवस तिला अग्नी दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला. वासुदेव खाटेवरून उठेना. आता सुई घेऊन काय करू, म्हणाला. मी त्याला सांगितलं की ही तिची शेवटची आज्ञा आहे, आणि हाताला धरून रिक्षात बसवलं. रुग्णालयात रांग होती. कुणाला मांजरानं ओरबाडलं होतं, एका मुलीच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं. तिची आई तिला सांगत होती, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त.

आमचा नंबर आला. वासुदेवनं सदरा काढून दोन्ही दंड पुढं केले आणि तोंड फिरवलं नाही, सुई आत जाताना तिच्याकडेच पाहत राहिला. परिचारिकेनं कागदावर शेवटची खूण केली आणि म्हणाली, झालं, आता काळजी नाही.

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. वासुदेव सरळ माणूस आहे, त्याच्या बोलण्याला आतली बाजू नसते. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “तुमी मले इचारलं म्हून मी वाचलो.”